ऊन पाण्याच्या नळीचें पांघरूण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं येईल. माणसाला थंडींत पांघरूण लागतें, हें सर्वांस मान्य आहे. पण नळीला पांघरूण कशाला? त्यांतून ती नळी प्लॅस्टिकची. प्लॅस्टिक हें उष्णतेचें मंदवाहक आहे, हें शाळेंतला मुलगाही सांगेल. मग मंदवाहकावर आणखी मंदवाहक चढविण्यांत काय स्वारस्य? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो, आणि चांगलीं शिकलेलीं माणसेंही तो घेतात. म्हणूनच त्याची नीट छाननी करावी, असें मीं योजिलें आहे. आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञानाचे प्राथमिक पाठ दिलेल्या माणसाला याहून अधिक कांहीं सांगण्याचा अधिकार नाहीं. परंतु या प्रश्नाचा उलगडा त्या प्राथमिक पाठांतच होतो.

आपल्या आजोबांच्या काळीं हा प्रश्न उद्भवला नव्हता. न्हाणीघराच्या दाराशीं किंवा परसांत तांब्याचा बंब धडधडत असे. त्याची तोटी सोडली कीं ऊन पाणी थेट घंगाळांत पडे. जाळ आणि अंग यांमध्यें अंतर होतें तें चार हातांचें. आतां पुण्यासारख्या शहरांत पुष्कळ इमारतींच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणारीं यंत्रें बसलीं आहेत. टांकी गच्चीवर आणि न्हाणीघर दोन-तीन मजले खालीं; म्हणजे जाळ व अंग यांमध्यें पंधरा-वीस मीटर लांबीची नळी आली. विजेचा बंब एका कोपऱ्यांत आणि स्वयंपाकघरांतील मोरी दुसऱ्या कोपऱ्यांत, अशा घरांतही थोड्या प्रमाणांत हीच अवस्था असते. बंबाला आपण जपतों, पण नळीकडे कोणी पाहत नाहीं. आणि घात होतो तो नळींत.

तो किती होतो, हें प्रथम आंकड्यांनीं पाहूं. घरोघर ऊन पाण्यासाठीं जी फिकट पिवळसर रंगाची नळी वापरतात, तिला सीपीव्हीसी असें नांव आहे. पाऊण इंची म्हणून जी विकतात, तिचा बाहेरचा व्यास सुमारें २२ मिलिमीटर, भिंतीची जाडी २ मिलिमीटर आणि आंतील पोकळीचा व्यास सुमारें १८ मिलिमीटर असतो. भूमितीच्या साध्या सूत्रानें अशा एक मीटर नळींत पाव लिटर पाणी मावतें. वीस मीटर नळींत पांच लिटर झालें. न्हाणाऱ्यानें तोटी बंद केली कीं हें पांच लिटर ऊन पाणी नळींत अडकून राहतें आणि निवत जातें. दुसरा मनुष्य येऊन तोटी सोडतो तेव्हां प्रथम हें निवलेलें पांच लिटर बाहेर पडतें, आणि मगच ऊन पाणी येतें. दिवसांतून दोनदां जरी असें घडलें, तरी वर्षाकांठीं साडेतीन हजार लिटरांहून अधिक पाण्याचा हा व्यवहार आहे. पाणी विजेनें तापविलें असेल, तर पांच लिटर पाण्याचें उष्णतामान ३५ अंशांनीं वाढविण्यास सुमारें एक पंचमांश युनिट वीज लागते. नळींतलें पाणी थंडगार झालें कीं तेवढी वीज व्यर्थ गेली.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंगेनहाउस नांवाच्या डच शास्त्रज्ञानें एक सुंदर प्रयोग केला. निरनिराळ्या धातूंच्या कांड्या मेणांत बुडवून त्यांवर मेणाचा पातळ थर बसविला, मग त्यांचें एक टोंक तापविलें, आणि कोणत्या कांडीवरचें मेण किती दूरवर वितळतें हें पाहिलें. उष्णता कोणत्या धातूंतून लवकर धांवते, हें त्यावरून डोळ्यांस दिसलें. त्या मार्गानें पुढें अनेक पदार्थांची मोजदाद झाली. निश्चल हवेची वाहकता एक मानली, तर फेसाळ रबराची दीड, सीपीव्हीसीची पांच-सहा, सिमेंटच्या गिलाव्याची सुमारें तीस, लोखंडाची दोन हजार आणि तांब्याची सोळा हजार, असें स्थूल प्रमाण पडतें. तेव्हां धातूच्या मानानें प्लॅस्टिक अत्यंत मंदवाहक आहे, हें आक्षेपकाचें म्हणणें शंभर टक्के खरें. लोखंडाहून तें शेंकडों पटींनीं मंद आहे.

मग चूक कोठें आहे? ती अशी, कीं उष्णतेला अडविण्याचें काम केवळ पदार्थाच्या जातीवर अवलंबून नसतें. त्याच्या जाडीवरही असतें. उत्तम लोंकरीचें परंतु मलमलीइतकें पातळ वस्त्र पांघरून पौषाची रात्र काढतां येत नाहीं. नळीची भिंत आहे अवघी दोन मिलिमीटरांची. शिवाय दुसरी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पाण्यांतील उष्णतेला बाहेर पडण्यासाठीं एकामागून एक अशीं दोन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार म्हणजे नळीची भिंत. दुसरें दार म्हणजे नळीच्या अंगाला चिकटून असलेला हवेचा पातळ थर. या दोहोंपैकीं हवेचें दारच अधिक अरुंद आहे. नळी धातूची असली तर पहिलें दार सताड उघडें असतें. तरीही दुसऱ्या दाराशीं उष्णतेची गर्दी अडतेच. नळी प्लॅस्टिकची केल्यानें पहिलें दार थोडेसें लोटलें जातें, इतकेंच. एकंदर अडथळ्यांत त्यामुळें पडणारी भर अल्प असते.

हिशेब करून पाहूं. पाण्याचें उष्णतामान ६० अंश सेंटिग्रेड आणि सभोंवतालच्या हवेचें २० अंश धरूं. वारा नाहीं असें समजूं. धातूच्या तेवढ्याच जाड नळीच्या एका मीटरांतून अदमासें २९ वॅट उष्णता जाते. सीपीव्हीसीच्या नळींतून जाते ती २५ वॅट. म्हणजे धातूहून शेंकडों पटींनीं मंदवाहक असा पदार्थ घेऊन आपण वांचविलें तें सातव्या हिश्श्याइतकें! आतां त्याच नळीवर १३ मिलिमीटर जाडीची फेसाळ रबराची नळी चढवा. गळती सुमारें ९ वॅटांवर येते. २५ चे ९ होतात. याचें कारण या वेष्टणाचें रबर कोणी विशेष जातीचें आहे असें नाहीं, तर त्यांत लक्षावधि सूक्ष्म कप्प्यांत हवा कोंडलेली आहे, हें आहे.

हवा मोकळी असली कीं ती तापून वर चढते, तिच्या जागीं थंड हवा येते, आणि अशा येरझारा घालून ती उष्णता पळविते. तीच हवा लहान लहान कोठड्यांत डांबली, कीं तिच्यासारखा पहारेकरी नाहीं. काउंट रमफर्ड या नांवानें प्रसिद्ध असलेल्या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस कापूस, लोंकर, पिसें यांवर प्रयोग करून हेंच तत्त्व मांडलें; उष्णतेविषयींच्या त्याच्या निबंधांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं त्याला कॉपले पदक दिलें. आमच्या घरांतील वृद्ध स्त्रियांनीं तें पदक न मिळवितांच जुनेरांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली, तिच्यांतही हेंच तत्त्व नांदत होतें. गोधडींत उबेचें काम करते ती थराथरांमध्यें अडकलेली हवा.

परंतु गोधडीचें उदाहरण घेतलें, तर तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे. गोधडी ऊब निर्माण करीत नाहीं. असलेली ऊब राखते, आणि तीही कांहीं काळ. विक्रेते ही गोष्ट सांगत नाहींत, म्हणून मी सांगतों. वर घेतलेल्या नळींत तोटी बंद केल्यापासून अर्ध्या तासानें पाणी किती ऊन राहील? वेष्टणाशिवाय तें ६० अंशांवरून सुमारें ३६ अंशांवर येईल. वेष्टण असेल तर सुमारें ४८ अंशांवर राहील. अंगाला सुखावह असें स्नानाचें पाणी ४० अंशांच्या आसपास असतें. म्हणजे पहिलें पाणी कोमट व निरुपयोगी, तर दुसरें विसण घालून घेण्याजोगें. ज्या घरांत सकाळीं चार माणसें अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरानें स्नान करतात, तेथें दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येकाला या फरकाचा लाभ होईल. पण रात्रीं दहा वाजतां बंद केलेल्या नळींतलें पाणी सकाळीं सहा वाजतां वेष्टणाशिवाय जसें थंड, तसेंच वेष्टण असूनही थंडच. न्यूटननें १७०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निवण्याच्या नियमापुढें रबराचें कांहीं चालत नाहीं. पहाटे पहिल्यानें उठणाऱ्याचें दुःख दूर करावयाचें असेल, तर उपाय निराळा: नळीची वाट आंखूड करावी, आणि चालण्याजोगें असेल तेथें तिची पोकळीही लहान घ्यावी. अर्धा इंची नळींत एका मीटरामागें पाव लिटराऐवजीं अष्टमांश लिटरच पाणी राहतें. घर बांधतांनाच न्हाणीघरें एकाखालीं एक आणि टांकी त्यांच्या माथ्यावर अशी योजना केली, तर वेष्टणापेक्षांही मोठें काम फुकटांत होतें.

आतां मी ज्या मुद्द्यासाठीं मुख्यतः बोलावयास बसलों आहें, त्याकडे येतों. अलीकडे नळ्या भिंतींत गाडून वरून गिलावा व फरशी लावण्याची पद्धत आहे. नळी दिसत नाहीं, घर शोभिवंत दिसतें. आणि पुष्कळांची अशी समजूत असते, कीं भिंतींत गाडलेली नळी उबेंत आहे. उघड्या वाऱ्यावरच्या नळीलाच काय तें वेष्टण लागावयाचें. मघाशीं सांगितलेले आंकडे आठवा. गिलावा हा निश्चल हवेच्या तीसपट आणि खुद्द प्लॅस्टिकच्या पांचपट वाहक आहे. नळीला सर्व बाजूंनीं चिकटलेला गिलावा हवेच्या त्या अरुंद दाराच्या जागीं एक रुंद दरवाजा उघडून देतो. भिंत मोठी, जड आणि थंड. ती उष्णता शोषून सर्वत्र पसरविते. हिशेबानें, खोलींतील शांत हवेंत असलेल्या नळीच्या मानानें गिलाव्यांत गाडलेली नळी सुमारें दुप्पट वेगानें उष्णता गमावते. तेव्हां जी नळी झांकलेली म्हणून आपण निश्चिंत असतों, तीच खरी उघडी आहे.

आणि येथें दुसरी संधि नाहीं. गच्चीवरील नळीला वेष्टण आज नाहीं तर पुढल्या हिंवाळ्यांत घालतां येईल. भिंतींतली नळी एकदां गिलाव्याखालीं गेली, कीं फरशी फोडल्यावांचून तिच्यापर्यंत हात पोहोंचत नाहीं. म्हणून ज्यांच्या घराचें काम चालूं आहे किंवा जे न्हाणीघर नव्यानें करून घेत आहेत, त्यांनीं गवंड्यानें थापी उचलण्यापूर्वींच प्लंबरला हा प्रश्न विचारावा. त्यानें भिंतींतील खांच थोडी रुंद व खोल ठेविली, कीं निदान ६ ते ९ मिलिमीटर जाडीचें वेष्टण सहज मावतें. त्यापासून आणखी एक लाभ होतो. प्लॅस्टिक तापलें कीं पुष्कळ वाढतें. दहा मीटर नळी ४० अंशांनीं तापली तर अडीच सेंटिमीटर लांब होते. मऊ वेष्टणांत तिला हालावयास थोडी जागा मिळते.

आतां प्रत्यक्ष काम करतांना लक्षांत ठेवावयाच्या कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट मापाची. पाऊण इंची लोखंडी नळी बाहेरून सुमारें २७ मिलिमीटर असते, तर त्याच नांवाची सीपीव्हीसी नळी २२ मिलिमीटर. दुकानांत केवळ ‘पाऊण इंची’ म्हणून मागितलें, तर सैल वेष्टण गळ्यांत पडण्याचा संभव आहे. आणि सैल वेष्टणांत हवा खेळूं लागली कीं अर्धें काम बिघडलें. बाहेरचा व्यास मिलिमीटरांत मोजून न्यावा.

दुसरी गोष्ट सांध्यांची. सरळ नळीवर वेष्टण चढवून कोपरे, टी व चिमटे उघडे ठेवणें, हें कोट घालून छातीचीं बटनें न लावण्यासारखें आहे. कोपऱ्याशीं वेष्टण ४५ अंशांत कापून जोडावें आणि उभी चीर भिंतीच्या बाजूस किंवा खालीं ठेवावी, म्हणजे पावसाचें पाणी आंत शिरणार नाहीं.

तिसरी गोष्ट चिकटविण्याच्या द्रव्यांची, आणि ती अत्यंत महत्त्वाची आहे. सीपीव्हीसीला कांहीं तेलें, द्रावणें आणि मऊ प्लॅस्टिकमध्यें घालतात तीं मार्दव देणारीं द्रव्यें बाधतात. तीं नळीच्या अंगाला दीर्घकाळ लागून राहिलीं, तर ताण असेल तेथें तिला सूक्ष्म तडे जातात. म्हणून विजेच्या तारांस गुंडाळतात ती मऊ चिकटपट्टी अथवा रबराचें द्रावण थेट नळीवर लावूं नये. चिकटवावयाचें तें वेष्टणाला वेष्टण, नळीला नव्हे. आणि वेष्टण विकत घेतांना तें सीपीव्हीसीला चालतें काय, हें उत्पादकाच्या पत्रकांत पाहून घ्यावें.

चौथी गोष्ट उन्हाची. गच्चीवरील फेसाळ वेष्टण उघडें ठेविलें, तर सूर्यकिरणांनीं त्याचा भुगा होत जातो. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच धातूची चिकटपट्टी अथवा सूर्यकिरणांस टिकणारा रंग, यांपैकीं कांहीं तरी हवेंच. वाऱ्यावरच्या नळीची उष्णता मीं सांगितलेल्या आंकड्यांहून अधिक वेगानें जाते, म्हणून तेथें जाडी कमी करूं नये.

पांचवी गोष्ट सुरक्षिततेची. टांकीची हवा सोडणारी नळी किंवा दाब वाढल्यावर उघडणारी झडप कोणत्याही परिस्थितींत झांकूं किंवा बुजवूं नये. आणि मुळांत नळी ऊन पाण्याचीच आहे ना, हेंही पाहावें. थंड पाण्याची साधी पीव्हीसी नळी उष्णतेनें मऊ पडते, तिला वेष्टण घालून ती ऊन पाण्यास योग्य होत नाहीं. ऊन पाण्याच्या सीपीव्हीसी नळीसाठीं भारतीय मानक १५७७८ हें आहे. नळीवर तो आंकडा छापलेला असतो. तरीही उष्णतेबरोबर तिची दाब सोसण्याची शक्ति घटते. ८२ अंशांवर ती सामान्य उष्णतामानाच्या चौथाईवर येते, हें विसरूं नये.

येथें कोणी चतुर गृहिणी म्हणेल, “आमच्याकडे बादलीनें स्नान होतें. नळीचें थंड पाणी प्रथम बादलींत घेतों, त्यावर ऊन पाणी येतें. तेंच आमचें विसण. मग वाया काय गेलें?” हें उत्तर खरोखर मार्मिक आहे. बादलीच्या घरांत पाणी वाया जात नाहीं. तें जातें तें फवाऱ्याखालीं उभें राहून ऊन धारेची वाट पाहणाऱ्यांच्या घरांत. परंतु बादलीच्या घरांतही त्या पांच लिटर पाण्याला दिलेली उष्णता गेलीच. मात्र अशा घरीं एक सावधगिरी बाळगावी. वेष्टण घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तोटींतून प्रथमपासूनच कढत पाणी येऊं शकतें, आणि ६० अंशांचें पाणी कोंवळ्या त्वचेला कांहीं सेकंदांत भाजतें. लहान मुलें व वृद्ध माणसें असतील तेथें बादलींत आधीं थंड पाणी घ्यावें आणि मग ऊन सोडावें, असा नियमच करावा.

श्रोतेहो, पुण्याचें पाणी खडकवासला, पानशेत, वरसगांव अशा धरणांतून येतें. तें पावसाळ्यांत सांठवावें लागतें, गाळून शुद्ध करावें लागतें, उपसून टांक्यांत चढवावें लागतें, आणि मग आपल्या गच्चीवर तें तापतें. इतक्या हातांनीं आणून दिलेलें पाणी शेवटच्या वीस मीटरांत निवून मोरींत जावें, ही गोष्ट शहाण्या गृहस्थाला शोभणारी नाहीं. उन्हाळ्यांत ज्या वस्त्यांत टँकरची वाट पाहतात, तेथें पांच लिटरांची किंमत निराळ्या शब्दांत सांगावी लागत नाहीं.

सारांश इतकाच. नळी प्लॅस्टिकची आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. भिंतींत गाडलेली आहे म्हणून तर मुळींच नाहीं. वेष्टण रात्रभर ऊब धरील अशी आशा बाळगूं नये. पण सकाळच्या वेळीं घरांतल्या सर्वांचीं स्नानें होईपर्यंत तें आपलें काम चोख बजावील. आणि जें काम गिलाव्यापूर्वीं व्हावयाचें, तें गिलाव्यानंतरच्या पश्चात्तापावर टाकूं नये. उद्यां सकाळीं तोटी सोडल्यावर ऊन पाणी येईपर्यंत थंड पाणी एका बादलींत धरून पाहा, आणि तें मोजा. आपल्या घरांत या विषयाला किती महत्त्व द्यावयाचें, तें ती बादलीच आपल्याला सांगेल.